किल्ल्यांच्या साखळीनं गिळलेला सेल

सहलीला निघताना सॅक भरायची तुमची पद्धत कोणती? मी नववीत होतो तेव्हाची माझी पद्धत सांगतो. आईनं दिलेला डबा आणि घडी घातलेली चादर नीट आत ठेवायची आणि उरलेलं सगळं बाहेरच्या कप्प्यात कोंबायचं. त्या कप्प्यात घराच्या किल्ल्या असत, एसटीसाठी सुटे पैसे असत, स्टीलचा चमचा असे, अर्धी संपलेली आवळासुपारीची पुडी असे. आणि एकदा त्यातच टॉर्चचे दोन कोरे सेलही होते.

आम्ही राजमाचीला निघालो होतो, लोणावळ्याहून चालत. आठ मुलं आणि एका मित्राचे काका. ही वाट लांबलचक आहे, पण बरीचशी सपाट. त्यामुळे रात्री चालायला हरकत नाही असं ठरलं. आमच्याकडे टॉर्च तीन होते. एक काकांकडे, सगळ्यांत पुढे. एक मध्ये. आणि तिसरा माझ्याकडे, सगळ्यांत शेवटी. शेवटच्या माणसाच्या हातात उजेड हवाच, ही काकांची शिस्त. मी अर्थातच ऐटीत होतो.

दोन तास झाले असतील. माझ्या टॉर्चचा उजेड आधी पिवळा झाला, मग नारिंगी, आणि शेवटी बल्बमधली नुसती लाल तार दिसायला लागली. "थांबा रे, नवे सेल घालतो!" असं ओरडून मी कप्प्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मला वाटलं, काहीतरी चावलं. पण चावलं नव्हतं, भाजलं होतं! आत एक सेल उकडलेल्या बटाट्यासारखा गरम झाला होता. किल्ल्यांची साखळी त्याच्या भोवती अशी पडली होती की तिचं एक टोक सेलच्या घुंडीला टेकलेलं आणि दुसरं बुडाला.

तो सेल संपला होता. दुसरा चांगला होता, पण टॉर्चला दोन लागतात ना! जुन्यातला एक घालून पाहिला, तर पाच मिनिटं मिणमिणलं आणि विझलं. मग आम्ही पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं चालायला लागलो. पुढच्या ओढ्यातल्या गोट्यांवर, अगदी माझ्यापुढे, माझ्या मित्राचा पाय मुरगळला. तिथे माझा उजेड पडायला हवा होता. उधेवाडीपर्यंत तो लंगडत आला. त्याची सॅक काकांनी घेतली आणि मला कोणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

सेलला बटण नसतं

सकाळी उधेवाडीत चहा होईपर्यंत काकांनी अंगणातल्या धुळीत काडीनं एक सेल काढला आणि मला विचारलं, "टॉर्चला बटण असतं. सेलला असतं का?"

नसतं! सगळी गोम इथंच आहे. सेल दुकानातून घरी आला, ड्रॉवरमध्ये पडला, खिशात गेला, तरी तो कायम 'तयार' असतो. त्याच्या दोन टोकांना धातूनं जोडलं की विजेला वाट मिळते. ती वाट टॉर्चच्या बल्बमधून जाते की तुमच्या किल्लीतून, हे सेलला कळत नाही. बल्बमधून जाताना वाट अरुंद असते, म्हणून वीज बेतानं जाते. जुन्या दोन सेलच्या टॉर्चचा बल्ब साधारण ०.३ अँपिअर प्रवाह घ्यायचा. किल्ली म्हणजे मोकळा हमरस्ता. तिच्यातून साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलचाही प्रवाह पहिल्या क्षणी कित्येक अँपिअरवर जातो. मग सेल तापतो, फुगतो, गळतो आणि रिकामा होतो. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात.

चार्ज करून पुन्हा वापरतात ते पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात. आकडा साध्या १.५ व्होल्टपेक्षा लहान, म्हणून ते गरीब असावेत असं वाटतं. पण त्यांच्या पोटातला अडथळा कमी असतो, त्यामुळे शॉर्ट झाले तर ते जास्त जोरात तापतात.

आणखी एक गंमत बघा. सेलचं 'अधिक' टोक म्हणजे वरची घुंडी आणि 'उणे' म्हणजे सपाट बूड, हे तुम्हाला माहीत आहे. मग अंगाचं काय? जुन्या साध्या सेलमध्ये आत जस्ताचं भांडं असे आणि ते 'उणे' असे. आजच्या अल्कलाइन सेलचं उलट आहे. त्याचं बाहेरचं पोलादी भांडं 'अधिक' असतं! वरच्या रंगीत प्लॅस्टिकच्या पातळ कागदानं ते झाकलेलं असतं, एवढंच. हा कागद बुडाजवळ फाटला, तर 'अधिक' आणि 'उणे' यांच्यात जेमतेम काही मिलिमीटर अंतर उरतं. मग किल्ली कशाला, एक टाचणीही पुरते. म्हणून सेलचा कागद फाटलेला दिसला तर तो सेल सहलीला न्यायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे तो जुना बल्बचा टॉर्च आहे? खरं आहे. आता एलईडी आले, डोक्याला बांधायचे दिवे आले. बरेचसे मोबाइलसारखे चार्ज होतात. पण रात्रीच्या डोंगरात चार्जिंगचं भोक सापडत नाही हो! म्हणून सेल बदलता येणारा दिवा आणि जादा सेलांची जोडी आजही बरी पडते. फक्त ती जोडी ठेवायची कशी, ते बघू. सगळं घरच्या घरी होण्यासारखं आहे.

पंक्चरवाल्याकडची ट्यूब

सगळ्यांत सोपा आणि माझा लाडका उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. पंक्चर काढणाऱ्या दुकानात टाकाऊ ट्यूब ढीगभर पडलेली असते. गोड बोलून मागितलीत तर फुकट मिळेल. आतली पांढरी भुकटी धुऊन ट्यूब पूर्ण वाळवा.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. पेन्सिल सेलची, म्हणजे डबल ए सेलची, जाडी १४.५ मिलिमीटर आणि लांबी ५०.५ मिलिमीटर असते. दोन सेल शेजारी शेजारी ठेवून त्यांच्याभोवती दोरा गुंडाळला तर तो किती लागेल? दोन सरळ बाजू १४.५ च्या, म्हणजे २९. दोन्हीकडचे अर्धे अर्धे गोल मिळून एक पूर्ण परिघ, म्हणजे १४.५ गुणिले ३.१४, साधारण ४५.५. एकूण ७४.५. चपट्या ट्यूबला दोन बाजू असतात, म्हणून रुंदी हवी याच्या निम्मी, साधारण ३७ मिलिमीटर. मोजायची पट्टी घेऊनच दुकानात जा. एवढ्या किंवा किंचित कमी रुंदीची ट्यूब मिळाली की ती ताणून सेलांना गच्च धरते.

ट्यूबचा सात सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि दोन सेल मधोमध सरकवा. दोन्हीकडे जवळजवळ एक एक सेंटीमीटर रबर पुढे राहतं आणि सेलांची टोकं बिळातल्या उंदरासारखी आत लपतात. नाणं तिथवर पोचत नाही.

सेल घालताना दोन्हींची घुंडी एकाच बाजूला ठेवा. का, ते ओळखता येईल? समजा चुकून एखादा धातूचा तुकडा वर घुसला आणि दुसरा खाली. दोन्ही घुंड्या वर असतील तर वर 'अधिक'ला 'अधिक' भेटतो, खाली 'उणे'ला 'उणे'. सेल सारखेच ताजे असतील तर वीज वाहायला कारणच नाही. उलटसुलट ठेवलेत तर मात्र वर आणि खाली धातू लागताच दोन्ही सेलांचं मिळून शॉर्ट सर्किट होतं. एवढ्याशा शिस्तीनं केवढा फरक पडतो बघा.

मोठ्या सेलांसाठी ही ट्यूब पुरत नाही. तिथे स्कूटरची ट्यूब बघा.

नळी, साबणाची डबी आणि आजीचं मशीन

घरात वायरिंगचं काम चालू असेल तर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. त्यातल्या ज्या पाइपात पेन्सिल सेल अलगद जातो, तो निवडा. चार सेल एकामागोमाग ठेवायला २०२ मिलिमीटर लागतात, म्हणून २२ सेंटीमीटरचा तुकडा मोठ्या माणसाकडून कापून घ्या. कडा पॉलिश पेपरनं घासा. दोन्ही टोकांना कापडाचा बोळा घालून वर चिकटपट्टी लावली की झाली नळी तयार. आत सेल खुळखुळले तर कागदाची गोळी कोंबा.

"पण सेल एकाला एक टेकले की!" असं कोणीतरी म्हणेलच. टेकू द्या. घुंडी पुढच्याच्या बुडाला टेकली तर ती नुसती रांग झाली. वाट पूर्ण व्हायला पहिल्याचं टोक शेवटच्या टोकाला जोडलं जायला हवं. ती टोकं वीसेक सेंटीमीटर लांब आहेत आणि मध्ये प्लॅस्टिक आहे. हीच नळी लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची घेतलीत तर मात्र नळीच तार होऊन बसेल! म्हणूनच पत्र्याच्या देखण्या डब्यांचा मोह टाळा. गोळ्या-बिस्किटांचा डबा दिसायला मजबूत, पण आत सेल मोकळे टाकलेत तर तो माझ्या किल्ल्यांच्या साखळीचा थोरला भाऊ समजा.

नळीची कल्पना नवी नाही बरं का. अमेरिकेत डेव्हिड मिझेल नावाच्या माणसाला १८९९ साली हातातल्या टॉर्चचं पेटंट मिळालं. त्याच्या टॉर्चमध्ये मोठे सेल एकामागोमाग एका कागदी नळीतच बसवलेले होते, एका टोकाला बल्ब. त्या काळचे सेल इतके अशक्त होते की दिवा सलग लावून ठेवता येत नसे. क्षणभर लावायचा, विझवायचा, सेलला दम घेऊ द्यायचा. इंग्रजीत टॉर्चला 'फ्लॅशलाइट' हे नाव पडलं ते त्यामुळे. जाड पुठ्ठा सेलभोवती तीन-चार वेढे गुंडाळून गोंदानं चिकटवलात तर तुम्हीही मिझेलची नळी करू शकता. पावसाळ्यात मात्र ती टिकणार नाही, भिजली की लगदा.

पावसाळ्यासाठी प्रवासातली साबणाची डबी झकास. झाकणाची, प्लॅस्टिकची, आणि बुडाला भोकं नसलेली घ्या. साबण पूर्ण धुऊन डबी दिवसभर उन्हात वाळवा. आत पेन्सिल सेल आडवे रांगेत ठेवा, दोन सेलांच्या मध्ये पुठ्ठ्याची एक एक पट्टी उभी करा. नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नये' असं लिहिलेली एक छोटी पुडी असते, ती ओल शोषून घेते. तीही आत टाका. डबीला रबरबँड लावा आणि वरून दुधाची स्वच्छ धुतलेली पिशवी गुंडाळा. आमचा एक गडी अशी डबी घेऊन भर पावसात फिरतो आणि त्याचे सेल कोरडे असतात, मोजे ओले.

आता खरी ऐटबाज वस्तू. शिकारीच्या चित्रात काडतुसांचा पट्टा पाहिला आहे ना? तसाच सेलांचा पट्टा. जुन्या जीन्सचा पाय घ्या. चेन, बटणं, धातूचे खिळे असतील तो भाग कापून टाका. कापडाची एक पट्टी दुसऱ्या पट्टीवर ठेवून उभ्या शिवणी मारायच्या, दोन शिवणींच्या मध्ये एक सेल. शिवणी किती अंतरावर? सेलच्या परिघाच्या निम्म्यावर आणि वर थोडी सैल जागा. पेन्सिल सेलसाठी ४५.५ चे निम्मे म्हणजे जवळजवळ २३, म्हणून २५ मिलिमीटर घ्या. मोठ्या सेलचा व्यास ३४.२ मिलिमीटर. त्याच्या शिवणी किती अंतरावर येतील, हे तुम्ही काढा बघू. खिशाची खोली सेलपेक्षा एक सेंटीमीटर जास्त ठेवा आणि वर दुमडून बंद करायला कापडाची झापड ठेवा.

माझा पट्टा आजीनं पायमशीनवर शिवून दिला होता. तिला गणित सांगायला गेलो तर म्हणाली, "सेल दे इकडे," आणि सेल कापडात गुंडाळून खडूनं खूण केली. बरोबर २५ मिलिमीटर! एक खोड मात्र निघाली. गच्च खिशातून थंडीत आखडलेल्या बोटांनी सेल निघेना. मग जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये सेलांखाली लाल फीत असायची, ती आठवली. तशीच नाडी प्रत्येक खिशाच्या तळातून घालून टोक वर ठेवलं. नाडी ओढली की सेल टुणकन वर येतो.

यातलं काहीच जमलं नाही आणि उद्या पहाटे निघायचं आहे? मग वायरमनची काळी चिकटपट्टी घ्या आणि प्रत्येक सेलच्या घुंडीवर एक तुकडा लावा. एक टोक झाकलं तरी वाट तुटते. टॉर्चमध्ये घालताना तुकडा काढायला मात्र विसरू नका. आणि चिकट राहिलं असेल तर रुमालानं पुसा, नाहीतर दिवा लागणार नाही आणि तुम्ही सेलला शिव्या द्याल.

ताजे कोणते, वापरलेले कोणते, हा अंधारातला नेहमीचा गोंधळ. माझी रीत अशी: पट्ट्यात ताज्या सेलची घुंडी वर, संपलेल्याची खाली. बोटानं चाचपूनही कळतं. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. नव्याच्या ओढीनं जुना पार रिकामा होतो आणि गळायला लागतो. त्या रात्री मी घातले, ती वेळच तशी होती.

आणि खुद्द टॉर्चचं काय? सॅकमध्ये दाबून त्याचं बटण आपोआप लागतं आणि मुक्कामी पोचेपर्यंत सेल संपतात. नव्या खेळण्यात सेलपुढे प्लॅस्टिकची बारीक पट्टी घातलेली असते, ती ओढून काढल्यावर खेळणं चालतं. तशी पट्टी दुधाच्या पिशवीतून कापा आणि टॉर्चमध्ये सेल आणि पत्र्याची पट्टी यांच्यामध्ये सरकवा.

आईबाबांनो, हे तुम्हीही वाचा

तीन सेल असे आहेत की त्यांच्या बाबतीत प्रयोग नकोत.

पहिला, नऊ व्होल्टचा चौकोनी. त्याची दोन्ही टोकं एकाच तोंडावर, अगदी शेजारी असतात. एक नाणं, चॉकलेटची चांदी किंवा भांडी घासायची तारेची घासणी दोन्हींना टेकली तर ती तापून आग लागू शकते. असे दोन सेल एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ठेवले तर त्यांची टोकं एकमेकांत अडकतात आणि दोघंही शॉर्ट होतात. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी हवीच, सेल संपलेला असला तरी.

दुसरा, जोरदार टॉर्चमधला जाडजूड लिथियम सेल. त्यावर १८६५० असा आकडा असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, असा त्याचा अर्थ. तो शॉर्ट झाला तर नुसता तापत नाही, पेट घेऊ शकतो. त्याला ट्यूब नको, कापडी पट्टा नको. त्याच्या मापाची कडक प्लॅस्टिकची डबी विकत मिळते, तीच घ्या. कागद फाटला असेल तर असा सेल वापरूच नका. विमानानं जाताना जादा लिथियम सेल सामानाच्या पोटात द्यायचे नसतात, टोकं झाकून आपल्याजवळच्या बॅगेत ठेवायचे असतात.

तिसरा दिसायला सगळ्यांत साधा. किल्लीला लावायच्या इवल्याशा टॉर्चमधला बटणासारखा सेल. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. लहान भावंडानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं. जादा बटणसेल त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा, ते कात्रीशिवाय फाटत नाही हे चांगलंच आहे. संपलेल्याला दोन्हीकडून चिकटपट्टी लावून मगच टाका.

आजीनं शिवलेला तो पट्टा अजून माझ्याकडे आहे. सहा खिसे होते, एकाची शिवण उसवली, उरलेले पाच चांगले आहेत. पाय मुरगळलेला तो मित्र अजून माझ्याबरोबर डोंगरात येतो. पायथ्याशी उतरलो की बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो वर न बघता विचारतो, "किल्ल्या कुठल्या खिशात आहेत?" मी पँटचा खिसा वाजवून दाखवतो. मगच तो पुढे निघतो.